समुद्र नीट दिसावा म्हणून

कोळशाच्या धुरावर जग पळू लागलं होतं, त्या काळची गोष्ट. एका अवाढव्य जहाजावर निव्वळ शोभेचं चौथं धुराडं होतं. गोदीत ते मालकांना म्हणालं, "जीव वाचवायच्या या होड्यांच्या गर्दीत पाहुण्यांना समुद्र कसा दिसणार?" मालकांनी निम्म्या होड्या उतरवल्या. उरलेल्यांतली धाकटी होडी लाटेच्या आवाजानंही दचकायची. "भित्री कुठली!" धुराडं हसायचं.

एका पहाटे आभाळाला टेकलेला बर्फाचा निळा डोंगर समोर आला. तो इतका देखणा होता, की होडी भीतीही विसरली. त्याच्या नुसत्या स्पर्शानं जहाजाचं पोलाद फाटलं. होडी गच्च भरून पाण्यात उतरली, तरी वर शेकडो माणसं उभीच होती.

"अगं, तुझ्या बहिणींना बोलाव ना!" धुराडं ओरडलं.

"त्या गोदीतच राहिल्या, दादा," होडी म्हणाली. "समुद्र नीट दिसावा म्हणून."