सहा रुपयांतला महिना

"सहा रुपये!" हंबीरराव महाराजांनी मांडीवर थाप मारली. "सहा रुपयांत महिना काढून दाखवा, मग बोला!"

झालं होतं असं की, उंबरपूरच्या विद्यापीठातल्या पोरापोरींना राजाकडून महिना बारा रुपये खर्ची मिळे आणि ती अर्ध्या महिन्यातच आटपे. खोलीचं भाडं, खानावळ, दिव्याचं तेल, कागद-शाई, परीट! पुढचे दिवस गूळ-शेंगदाण्यांवर. पोरं वर्गात पेंगायची. शेवटी सगळी मिळून दरबारात गेली आणि म्हणाली, "महाराज, खर्ची वाढवा."

आता महाराजांनी उभ्या जन्मात कधी बाजाराचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कांदा झाडाला लागतो की वेलीला, हेही त्यांना ठाऊक नसावं. पण काटकसरीवर बोलायची हौस दांडगी!

"उधळे आहात लेको तुम्ही! तुमच्यातल्या एकानं सहा रुपयांत महिना काढावा. कमवायचं नाही, उसनं घ्यायचं नाही, भीक नाही, चोरी नाही. आणि महिनाअखेरीला वाळलेलं दिसायचं नाही! नाही जमलं तर सगळ्यांना कायमचे सहा!"

"आणि जमलं तर?" मागून एक बारीक आवाज आला.

"जमलं तर... विचार करू."

राजेलोक विचार करू म्हणाले, की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पोरांचे चेहरे पडले. पण तो बारीक आवाज पुढे आला. येसू तिचं नाव. कोष्ट्याची पोर, अंगानं काडी, जिभेनं कात्री. सहा रुपयांवर खर्ची आली तर तिला बाडबिस्तरा उचलून गावी मागावर बसावं लागणार होतं. तरी बोलली ठणकावून, "मी काढते महिना!"

सहा रुपये मुठीत घेऊन येसू तडक कापडबाजारात गेली आणि सहाच्या सहा रुपयांचा जरीकाठी शालू घेऊन आली.

खोलीत तिच्यासोबत राहणाऱ्या भागीनं कपाळाला हात लावला. "अगं सटवे! आता महिनाभर खाशील काय? पदर?"

"पदरच!" येसू निऱ्या काढत म्हणाली. "जरीचा आहे, चवीला बरा लागेल." आणि तिनं घरमालकिणीला खोलीतली आपली जागा सोडल्याचंही सांगून टाकलं.

तो वैशाख होता. उंबरपुरात गल्लोगल्ली मांडव! येसू शालू नेसून पहिल्या मांडवात शिरली आणि पंगतीत ऐटीत बसली. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची. एका वाढप्यानं मात्र विचारलंच, "आपण कोणाकडच्या?"

येसूनं पान पुढे सरकवलं. "असं विचारतात होय पानावर बसलेल्या माणसाला? उठते मी!"

झाली धावपळ! वऱ्हाडातलं कोणीतरी रुसलं! नवरीची आई धावत आली, मावशी आली, आत्यानं दोन लाडू जास्त वाढले, वाढप्याला सगळ्यांदेखत झापलं. येसूनं मोठ्या मनानं माफ केलं आणि मठ्ठा मागवला... छे, मागवला कुठला? नुसतं वाटीकडे पाहिलं.

झोपायला जानवसघर. वऱ्हाडासाठी गाद्या घातलेल्याच असत. तिथंच परीटही बसवलेला. अभ्यासाला मांडवातल्या समया! समईखाली पोथी उघडून बसली, की म्हाताऱ्या बायका म्हणत, "पोर किती धार्मिक गं!" पोर व्याकरण घोकत असायची. लग्नामागून लग्नं झाली आणि काडीची चांगली गुटगुटीत येसू झाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी लग्न होतं खुद्द राजकन्येचं. आणि मुलीचा बाप म्हणजे मुलीचा बाप, मग तो राजा का असेना! हंबीरराव महाराज जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीतून वाकत वाकत फिरत होते. तोंडं बघायची सवड कोणाला! शालू दिसला, की हात जोडायचे.

"एक तरी घ्याच!"

"नको, खरंच नको," येसूनं पानावर हात आडवा धरला.

"आमच्यासाठी! नाही म्हणू नका. हात जोडतो!"

"बरं, एवढं म्हणताय तर टाका," असं म्हणून येसूनं जिलबी खाल्ली, बोटं चाटली आणि मान वर केली. "महाराज, आज महिना भरला."

महाराजांनी वाकून तिचं तोंड नीट पाहिलं. "तू? महिनाभर भीक मागून जेवलीस?"

"भीक कोणी मागितली? पंगतीला विचारा, आत्ता कोण कोणाला हात जोडत होतं!"

व्याही फस्सकन हसले.

"मग चोरी!" महाराज लाल झाले.

"आपण स्वतः पानात टाकलेली जिलबी? साक्षीला आपले व्याही आहेत, महाराज."

महाराजांनी पगडी सारखी केली. मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे सहा रुपयांत भागतं! आजपासून सगळ्यांना सहाच!"

पंगतीतले हात थांबले. इतका हरामखोरपणा व्याह्यांनाही अपेक्षित नव्हता. येसूनं मात्र शांतपणे पाण्याचा घोट घेतला.

"भागतं की, महाराज! छान भागतं. फक्त दर महिन्याला एक राजकन्या उजवा, आणि आम्हा विद्यार्थ्यांची दोनशे पानं जादा मांडा. आणि हो, जिलब्या घेऊन आपणच फिरा. आम्ही रुसतो फार!"

महाराजांनी त्या लांबलचक पंगतीकडे पाहिलं. मग आपल्या दुखऱ्या कमरेवर हात ठेवला. आणि असे खो खो हसत सुटले, की पगडी सुटून वरणात पडायची ती व्याह्यांनी झेलली.

"अहो दिवाणजी!" डोळे पुसत महाराज ओरडले. "खर्ची चोवीस करा, त्यातच स्वस्त पडेल! हिला वर शंभर रुपये बक्षीस! आणि त्या वाढप्यांना सांगा, या पोरीच्या पानाकडे आता कोणी फिरकू नका, नाहीतर वऱ्हाड उपाशी राहील!"