फ्लेक्सवरची मोकळी जागा

बाजार समितीचे सभापती भाऊसाहेब टेकवडे यांचा वाढदिवस जवळ आला, तसं त्यांनी फ्लेक्सवाल्या तबस्सुम आतारला बोलावून फर्मावलं, "अख्ख्या चौकात नजर माझ्यावरच पडली पाहिजे. माझा फोटो, झाडून सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो, वाघ, तलवार, काही म्हणजे काही सोडायचं नाही. चुकलीस तर या गावात पुन्हा फ्लेक्स छापायची नाहीस!"

तबस्सुम चौकात जाऊन उभी राहिली. जुन्या फ्लेक्सांवर चेहऱ्यांची नुसती खिचडी होती, आणि येणारा-जाणारा मान वर करत नव्हता. हे असं का होतं, याचा विचार करतच ती दुकानात परतली.

वाढदिवसाच्या सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. पांढराशुभ्र, कोपऱ्यात भाऊसाहेबांचा एकच फोटो आणि खाली नाव. जो तो थांबून वर बघत होता, हे काय नवीन म्हणून.

भाऊसाहेब गाडीतून उतरले आणि फ्लेक्स बघून भडकले. "एवढी जागा कोरी? माझी माणसं कुठायत?"

तबस्सुमनं शांतपणे विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही आत्ता उतरलात तेव्हा तुमच्या माणसांनी काय केलं?"

"काय करणार? गर्दी मागे सारली."

"ती कशाला?"

"कशाला म्हणजे? लोकांना मी दिसायला नको?"

"मग मीही तेच केलं. फक्त माझ्या फ्लेक्सवर गर्दी तुमच्या माणसांचीच होती."

भाऊसाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले कार्यकर्ते गुपचूप दोन पावलं मागे सरकले.