धुरपा बुरडीण आणि तुटकी कोल्हीण

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी की आपल्या पणज्यालासुद्धा ती ऐकूनच ठाऊक होती. डोंगराच्या पायथ्याला शेवरवाडी नावाचं गाव होतं आणि गावाच्या कडेला धुरपा बुरडीण राहायची. एकटी बाई, जिभेची तिखट आणि हाताची मोठी कसबी. तिने विणलेल्या टोपलीतून पाणी गळत नसे, असं म्हणतात. टोपलीत पाणी कुणी कशाला भरेल, ते मात्र विचारू नये.

त्या गावात घरोघरी परसात खुराडं होतं. मीठ-मिरची, लेकराचं टोपडं, पाहुण्याचं ताट, सगळं कोंबड्यांच्या जिवावर चाले. अशात डोंगरातून एक कोल्हीण खाली उतरली. तिची शेपटी अर्धी तुटलेली, म्हणून लोक तिला तुटकी म्हणत. ती वासराएवढी होती, असं म्हणतात. तिला पाहून गावची कुत्री चुलीमागे जाऊन बसत. ती खुराड्याच्या भिंतीशी माती उकरायची, खालून आत शिरायची आणि कोंबडी उचलून न्यायची.

गावाला वाटलं, शिवेवरचा म्हसोबाच कोपलाय. मग ज्याची कोंबडी जाई, तो आणखी एक कोंबडा नेऊन म्हसोबापुढे बांधून येई. सकाळी तुटका दोर दिसला की देवाने घेतला म्हणून सगळे हात जोडत. म्हणजे तुटकीचं एक जेवण परसात आणि दुसरं शिवेवर. ती माजत गेली आणि खुराडी ओस पडत गेली. शेवटी साऱ्या शेवरवाडीत एकच कोंबडी उरली, धुरपाची तांबडी. तीही नेमकी अंड्यांवर बसलेली.

म्हसोबाची पूजा करणारा हैबती गुरव चार माणसं घेऊन धुरपाच्या दारात आला. माणूस वाईट नव्हता, पण पुरता भ्यायला होता.

“धुरपे, तांबडी दे. एवढी एक दिली म्हंजी देवाचा कोप निवंल.”

“आन मग गावात अंडं कुठनं यायचं?”

“देव बघंल की.”

“देव हाडकं चघळून टाकत न्हाई, हैबतीदादा. म्हसोबाच्या मागं जाऊन बघा, पिसांचा ढीग पडलाय.”

हैबतीने शिवेकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, “बरं, ठेव. पर तुझ्या हातनं ही गेली, तर गावाचं बियाणंच गेलं. मग तुला हितं थारा न्हाई.”

“अंडी फुटायच्या आत गेली, तर माझी कोयती उचलून मी माझ्या वाटंनं जाईन.”

बोलून बसली खरी, पण माणसं पाठमोरी होताच ती उंबऱ्यावर टेकली. जायला दुसरं गाव नव्हतं तिला. ती उठली आणि गावातलं एकेक रिकामं खुराडं बघत फिरली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, सगळी भगदाडं भिंतीला खेटून होती. कोल्हीण भिंतीला नाक लावून उकरते, अडलं की बाजूला सरकते, पण मागे म्हणून सरकत नाही. धुरपा तिथेच एकटी खदखदून हसली.

तिने ओला बांबू तोडला, कामट्या काढल्या आणि विणायला बसली. खुराड्याच्या भिंती झाल्या, छप्पर झालं. मग तिने आणखी तट्टे विणले आणि भिंतीच्या पायापासून बाहेरच्या अंगाला, चारी बाजूंनी जमिनीत आडवे पुरले. वर माती लोटली, धोंडे दाबले.

बायका म्हणाल्या, “अगं, भिंत उभी करत्यात. तू निजवलीस कशाला?”

“निजू दे तिला,” धुरपा म्हणाली. “तिचं काम निजूनच व्हायचं हाय.”

तिन्हीसांजेला तुटकी आली. सारं गाव धुरपाच्या ओट्यावर दाटीने उभं होतं. तिने भिंतीला नाक लावलं आणि उकरलं. खाली तट्टा. बाजूला सरकली, पुन्हा तट्टा. अशी ती खुराड्याभोवती फिरत राहिली, पण मागे काही सरकेना. तिने इतकी माती उडवली की मावळता सूर्य झाकून गेला, असं म्हणतात. आत तांबडी अंड्यांवरून हलली नाही. शेवटी नखं बोथटली, तुटकी धापा टाकत खाली बसली, आणि मग मान खाली घालून सगळ्या गावासमोरून डोंगराकडे चालती झाली. ती पुन्हा कधी दिसली नाही. शेवरवाडीत त्या रात्री ढोल वाजला, आणि वाजवणारा हैबती होता.

पुढे अंडी फुटली. जितकी घरं तितकी पिल्लं निघाली, असं म्हणतात. धुरपाने पहिलं पिल्लू हैबतीच्या हातावर ठेवलं. त्याला रडू आवरेना. बाकीची तिने घरोघरी एकेक वाटली. आणि पुरलेल्या ओल्या तट्ट्यांना पावसाळ्यात कोंब फुटले, त्यांचं बेट झालं आणि ते पसरत साऱ्या गावाला वेढून बसलं. ते बेट आजही हिरवंगार आहे.

आजही शेवरवाडीत खुराडं बांधताना आधी आडवा तट्टा पुरतात. त्याला धुरपाचं अंगण म्हणतात. आणि ज्या घरची कोंबडी संपते, त्या घरची बाई शेजारणीच्या दारात जाऊन एवढंच विचारते, “धुरपाची तांबडी हाय का गं?”

शेजारीण पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवते आणि म्हणते, “हाय की. बसलीया अजून.”