मातीची टेकडी आणि माहेरचा कोपरा

डोंगरांच्या पलीकडे एक देश होता. तिथे खडक हवा तेवढा होता, माती मात्र मूठमूठ जमवावी लागे. त्या देशात एक म्हातारी राहत होती.

माती तिथे आयती मिळत नसे, ती करावी लागे. लोक उघड्या कातळावर दगडांचे बांध घालत, ओढ्यातला गाळ डोक्यावरून वाहून आणत, त्यात पालापाचोळा, शेण, चुलीतली राख मिसळत आणि वाट बघत. बोटभर थर व्हायला माणसाचे केस पांढरे होत. म्हणून माणसं मातीला जपत. दुसऱ्याच्या शेतात गेलेला माणूस निघताना बांधावरच्या दगडी डोणीत पाय धुई आणि ते पाणी पुन्हा त्याच शेतात ओती. तळपायाला चिकटलेला चिखलसुद्धा ज्याचा त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

लग्न झालं की नवरी माहेरच्या शेतातली एक पाटी माती डोक्यावर घेऊन सासरी येई. ती शेताच्या वरच्या कोपऱ्यात पसरत. त्याला माहेरचा कोपरा म्हणत. पुढच्या वर्षाचं बियाणं त्याच कोपऱ्यात पिकवायची रीत होती.

म्हातारीच्या शेतातल्या कोपऱ्यात तिची पाटी होती, तिच्या सासूची होती, आजेसासूची होती, त्यांच्याही आधीच्या सुनांच्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा होता. अंगापिंडानं धिप्पाड, मनानं चांगला, पण पटकन पेटणारा.

एकदा शेजारच्या देशाचा दूत राजाकडे आला. जेवण झालं, विडा झाला. निरोप घेताना तो हसत म्हणाला, "महाराज, तुमचा देश छान आहे. पण जिकडे बघावं तिकडे दगडच. माती कुठे लपवून ठेवलीत?"

राजाला ते फार लागलं. दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी गावोगाव दवंडी फिरली. राजधानीत देशाची टेकडी उभी राहणार होती, निव्वळ मातीची, परक्यांनी मान वर करून बघावी अशी. ज्याचं देशावर प्रेम असेल त्यानं आपल्या शेतातली एक पाटी माती आणून द्यावी.

दुसऱ्या कुठल्या मुलखात लोक ही दवंडी ऐकून हसले असते. इथे लोकांचे डोळे भरून आले. जी वस्तू त्यांना जिवापेक्षा प्यारी होती, तीच देशानं मागितली होती. म्हातारीनंही पाटी भरली. वरची, काळी, भुसभुशीत माती तिनं स्वतःच्या हातांनी उकरली, पाटीवर फडकं झाकलं आणि तीन दिवसांची वाट चालून ती राजधानीला गेली.

टेकडी तेव्हा घराएवढी झाली होती. म्हातारीनं आपली पाटी ओतली. पहारेकऱ्यानं तिच्या कपाळाला त्याच मातीचा टिळा लावला. तिचा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगा. मग कडेला बसून भाकरी खाताना तिला दिसलं की पहारेकरी टेकडीवर उगवलेलं गवत उपटून फेकतोय.

"का रे बाबा, उपटतोस का?" तिनं विचारलं.

"गवतानं टेकडी वंगाळ दिसते, आजी."

"मग इथं पेरणार काय?"

पहारेकरी तिच्याकडे बघतच राहिला. "पेरणार? आजी, ही देशाची टेकडी आहे. ही बघायची असते."

म्हातारीनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि ती उठली. पण घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

त्या वर्षी जिथून पाटीभर माती उचलली होती, तिथली नाचणी वीतभरच वाढली. खालचा कातळ उघडा पडला होता, हाडासारखा. म्हातारी तिथे उकिडवी बसून किती तरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा दवंडी आली. आता घरटी दहा पाट्या. लोकांनी वीस दिल्या. गावात चढाओढच लागली. कुणी अर्धं शेत खरवडलं, कुणी बांधासकट. ज्याच्या कपाळावर टिळा नाही त्याच्याकडे लोक तिरक्या नजरेनं बघू लागले. टिळा पुसला जाऊ नये म्हणून काही जण महिनामहिना कपाळावर पाणी घेत नसत. पाटील तर डोळे मिटून, मान मागे टाकून अंघोळ करी. म्हातारीचा मुलगा गावातल्या पाटीवाल्यांचा पुढारी झाला. डोक्याला लाल फडकं बांधून तो दारोदार फिरे, आणि त्याचा जयजयकार तीन शेतं पलीकडे ऐकू जाई.

त्यानं घरच्या शेतातल्याही वीस पाट्या नेल्या. म्हातारीनं बघितलं, पण अडवलं नाही. तो तिचा एकुलता एक होता आणि कित्येक वर्षांनी तो इतका आनंदात होता.

तिसऱ्या वर्षी दवंडी आली तेव्हा गावात द्यायला फारसं काही उरलंच नव्हतं. सगळ्या शेतांमध्ये फक्त माहेरचे कोपरे शिल्लक होते. या वेळी तेच मागितले होते. दूत पुन्हा येणार होता आणि टेकडीचं शिखर तेवढं राहिलं होतं.

एक दिवस कुणीच फावडं उचललं नाही. मग पाटलानं आपला कोपरा खणला आणि पाठोपाठ सगळ्यांनी खणला. बायका दाराआड उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या माहेरची माती होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

मुलगा फावडं घेऊन शेतात आला, तर म्हातारी कोपऱ्यात मांडी घालून बसलेली.

"आई, ऊठ. गावात आपलंच राहिलंय."

"राहू दे."

"लोक काय म्हणतील? पुढारी मी, आणि माझ्याच घरचा कोपरा तसाच?"

"अरे, यात बियाणं पिकतं. हा गेला तर पुढच्या साली पेरशील काय?"

"देश मागतोय, आई."

म्हातारीनं मातीवर हात ठेवला. "देश इथं खाली आहे रे. त्याच्यावरच मी बसलेय. तो कशाला मला ऊठ म्हणेल?"

मुलाचा चेहरा लाल झाला. बसलेल्या आईवर फावडं उगारणं त्याला जमलं नाही. त्यानं ते तिथेच टाकलं आणि तो निघून गेला. जाताना डोणीत पाय धुवायलाही थांबला नाही.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. पाटलानं विचारलं, "म्हातारे, तुझं देशावर प्रेम आहे की नाही? एका शब्दात सांग."

"आहे."

"मग माती दे."

"तेवढी नाही देणार."

झालं. गावानं तिला वाळीत टाकलं. तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही, तिच्या चुलीला विस्तव द्यायचा नाही, तिच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. राजधानीत टेकडीच्या माथ्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं, माती न देणारी म्हणून. ते नाव तिच्या मुलालाच पुकारावं लागलं. त्यानं पुकारलंही. मग तो गावी परत आला नाही, तिथेच पहाऱ्यावर राहिला.

म्हातारीला फार वाईट वाटलं. ती काही दगडाची नव्हती. चुलीतला निखारा विझू नये म्हणून ती त्याला पोरासारखी जपे, आणि फुंकणीनं फुंकर घालताना तिच्या मनात येई, सगळं गाव चुकतं आणि मी एकटीच शहाणी, असं कसं होईल? कदाचित मीच करंटी असेन. असं म्हणत ती उठे, कोपऱ्याला पाणी घाली, पाला पसरी, आणि ढासळलेल्या बांधाचा दगड जागच्या जागी बसवी. दुसरं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.

टेकडी पुरी झाली. दूत आला, त्यानं मान वर करून बघितलं. "मोठी आहे," एवढं तो म्हणाला आणि जेवायला गेला. राजा खूश झाला. तीन वर्षांचा सगळा खटाटोप त्या दोन शब्दांसाठी होता.

श्रावणात झड लागली. नऊ दिवस पाऊस थांबला नाही. शेतात बांधाआड पसरलेली माती पाऊस पिऊन घेते. ढिगातली माती काय करणार? तिला धरायला ना मूळ होतं ना दगड. दहाव्या दिवशी सकाळी टेकडी बसली आणि सगळीच्या सगळी नदीत उतरली. गवत उपटणारा तो पहारेकरी खाली गाडला गेला. नदी आठ दिवस काळी वाहत होती. शंभर पिढ्यांनी डोक्यावरून आणलेली माती आठ दिवसांत समुद्राला मिळाली.

त्या साली देशात पेरणी झालीच नाही. पेरायचं कशात? उन्हं तापली तेव्हा कातळ इतका भाजे की पाखरंही टेकत नसत. आधी गुरं गेली, मग म्हातारी माणसं, मग तान्ही मुलं. राजानं पुन्हा दवंडी पिटली, या खेपेला टेकडी दगडांची करायची असं ठरलं होतं. पण दगड उचलायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं.

लोक देश सोडून निघाले. सगळ्यात आधी पाटील गेला. सीमेवर पलीकडच्या लोकांनी विचारलं, कुठले तुम्ही? तेव्हा त्यानं कपाळावरचा टिळा थुंकी लावून पुसला.

एके दुपारी म्हातारीच्या बांधापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. तिनं त्याला आधी ओळखलं नाही. तो बांधाच्या बाहेरच उभा होता, आत यायचं त्याला धाडस होईना.

"आई, राहिलेले लोकही उद्या निघतायत. तूही चल."

"आधी आत ये," ती म्हणाली.

तो आत आला आणि त्याला कोपरा दिसला. चार खाटा मावतील एवढी जागा. तिथे नाचणीची कणसं पिकून वाकली होती. सगळ्या डोंगरात तेवढंच हिरवं होतं. तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रागवायचं तिनं मनात कितीदा ठरवलं होतं, पण ते राहूनच गेलं.

मग ती म्हणाली, "जा. ज्यांना जायचं नाही, त्यांना बोलावून आण. पाटी घेऊन या म्हणावं."

चाळीस घरांपैकी नऊ घरची माणसं आली. तीच माणसं, चावडीवर बसलेली. कुणाची मान वर होत नव्हती. म्हातारीनं कणसं खुडली, नाचणी झाडली आणि प्रत्येकाच्या पदरात ओंजळभर बी घातलं. मग तिनं तेच जुनं फावडं मुलाच्या हातात दिलं.

"खण."

"काय खणू?"

"कोपरा. प्रत्येकाला पाटी पाटी भरून दे. घरी न्या, बांधाआड पसरा, पाला घाला. आधी बियाण्यापुरतं करा."

मुलाचा हात उचलेना. "आई, तुला काय राहील?"

"माझं काय राहायचंय आता."

तो खणू लागला. जुन्या सुनांच्या पाट्या गेल्या, आजेसासूची गेली, सासूची गेली. शेवटी तिची स्वतःची उरली, तिनं नवरी होऊन डोक्यावरून आणलेली. ती भरताना मुलगा थांबला. किती तरी दिवस मनात असलेलं त्यानं विचारलं.

"तेव्हा मी फावडं घेऊन आलो, ऊठ म्हणालो, तरी तू मूठभर दिली नाहीस. आणि आज सगळीच देतेस?"

म्हातारी म्हणाली, "तेव्हा तुम्ही बघायला मागत होतात. आज पेरायला नेताय."

लोक पाट्या डोक्यावर घेऊन निघाले. बांधापाशी आल्यावर एकेक जण थांबला, त्यानं डोणीत पाय धुतले आणि ते पाणी म्हातारीच्या शेतात ओतलं. तिथे आता नुसता कातळ होता, तरी ओतलं.

पुढचं पीक म्हातारीनं बघितलं नाही. त्या हिवाळ्यातच ती गेली. त्या नऊ घरांतही दोन वर्षं पोटभर जेवण कुणाला मिळालं नाही आणि आणखी दोन घरं देश सोडून गेली. मुलगा राहिला. त्यानं लाल फडकं फाडून त्यात आईची राख बांधून आणली आणि तिच्या कोपऱ्यातल्या कातळावर पसरली. वर थोडा गाळ टाकला, थोडा पाला, आणि वारा नेऊ नये म्हणून भोवती दगड रचले. सगळं मिळून ओंजळभर झालं. बोटभर थर व्हायला त्याचे केस पांढरे व्हायचे होते, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटी घेऊन ओढ्यावर गाळ आणायला गेला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: देश दाखवण्यासाठी उचलून नेला तर हाती काहीच उरत नाही. त्याच्यावर माया असेल, तर आपल्या पायाखाली तो जेवढा आहे तेवढा नांदता ठेवावा, मग माथ्यावरून नाव कसंही पुकारलं जावो.