घाटावरची मलमाची कुंडी

फार पूर्वीची गोष्ट. वेळ, सूर्य कासराभर वर आल्याची. जागा, नदीच्या घाटाची तळची पायरी. तिथे पाथरवटाच्या बायकोचा पाय चिरला.

त्या पायरीत एक लोखंडी खुंटी रोवलेली होती. पाटलांचे आजोबा तिला आपली नाव बांधत. नाव कधीच कुजून गेली, खुंटीचं डोकं तुटलं, आणि उरलेलं टोक पाण्याखाली शेवाळात दडून बसलं. त्याच्या तावडीतून गावातला एकही पाय सुटला नव्हता. पाटलांचे तेवढे सुटले, कारण त्यांच्या घरी पाणी कावडीने येई.

गावात एक वैदीण होती. दगडी पाला, कडुनिंब आणि हळद तिळाच्या तेलात कढवून, त्यात मेण घालून ती मलम करी. जखम आधी स्वच्छ धुवायची, मगच मलम, हा तिचा नेम.

"पुन्हा तीच पायरी?" पाय मांडीवर घेत तिने विचारलं.

"दुसरी कुठली असणार, मावशी?"

"अगं, नवरा पाथरवट ना तुझा? एक खुंटी निघेना त्याच्याने?"

"ते म्हणतात, पाटलांचा हुकूम आणा, घटकाभरात काढतो."

वैदीण थकली होती. पाला खुडून कंबर गेली होती, तेल उडून हात पोळले होते. तरी ती पाटलांकडे गेली.

"मानाची खुंटी आहे ती," पाटील म्हणाले. "आणि तुझं मलम असताना गावाला कसली भीती? असं करू, घाटावरच दगडी कुंडी बसवू. तू ती भरून ठेव. पाय कापला की लावायचं आणि चालू लागायचं."

"कुंडी नको, पाटील. खुंटी काढा."

"किती कटकट करतेस बाई! चारचौघांत लुगडं-चोळी देतो, मग तर झालं?"

शेजारी बसलेले पंच हसले. वैदिणीला भांडायचं होतं. पण तिच्या ओसरीवर लंगडणारी माणसं ताटकळली होती. ती "बरं" म्हणाली आणि घरी आली.

कुंडी पाथरवटानेच घडवली. कुंडीचा हुकूम मात्र त्याच दिवशी निघाला.

गावाची कुरकुर थांबली. परगावचे पाहुणे मुद्दाम कुंडी बघायला येऊ लागले. खुंटीकडे कोणी बघेना.

पुढे पाथरवटाच्या बायकोचा पाय पुन्हा कापला. घरी चूल पेटलेली होती. घाईघाईत तिने जखम न धुताच कुंडीतलं मलम थापलं. वरून जखम मिटली, आत गंज राहिला. तिला वैदिणीकडे आणलं तेव्हा पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. ती वाचली नाही.

"मलम कमी पडलं," पाटील हळहळले.

"कमी नाही, जास्त झालं," वैदीण म्हणाली. "मी मलम देत राहिले, म्हणून तुमची खुंटी राहिली. त्या दिवशी मी 'बरं' म्हणायला नको होतं."

छिन्नी-हातोडा घेऊन पाथरवट घाटावर गेला. या वेळी त्याने हुकूम मागितला नाही. चार घाव घातले आणि खुंटी निघाली. घटकासुद्धा लागली नाही.

तात्पर्य एवढंच: जखम करणारं टोक जागेवर ठेवून वाटलेलं मलम शेवटी त्या टोकालाच जपतं.

घटकाभराचं ते काम इतकी वर्षं कोणी अडवलं होतं, हे त्या गावात आजवर कोणी उघडपणे सांगितलेलं नाही.