सरदारांच्या घरचा कागद

देवकुंडच्या राजाच्या दगडखाणीत कोणाला इजा झाली, कोणाला खोकला लागला, याची नोंद चिमाबाई वैदीण ठेवत असे. त्या कागदांनी भरलेली कोठडी सरदार निळोजीरावांना आपल्या शिकारी कुत्र्यांसाठी हवी होती.

भर दरबारात ते म्हणाले, "महाराज, वर्ष उलटले की जखम भरते. मग जुने कागद कशाला? जाळून टाकावेत!"

चिमाबाई पुढे आली. दगडाची धूळ कैक वर्षांनी छातीत उठते, हे तिने पाहिले होते. खाण कधीच सोडलेल्या हैबती बेलदाराला आता दोन पावले चालवत नव्हती, आणि हे दुखणे खाणीतलेच, असे सांगणारा पुरावा त्या कोठडीतच होता.

ती हात जोडून म्हणाली, "सरदारांचे म्हणणे मान्य. फक्त सुरुवात त्यांच्या घरच्या कागदापासून व्हावी."

"माझ्या घरी कसला आलाय जखमेचा कागद?" निळोजीराव गरजले.

"आपल्या पणजोबांचा हात राजाच्या चाकरीत तुटला, म्हणून आपल्याला इनामाची सनद मिळाली. तीही कामावरच्या जखमेचीच नोंद की! आणि ती जखम भरून तर शंभर वर्षे झाली."

दरबारात हशा पिकला. महाराज म्हणाले, "ठरले तर! खाणीचे कागद जोवर शाबूत, तोवर तुमची सनद शाबूत."

हैबतीला सरकारातून औषधपाणी सुरू झाले. आणि कोठडीत वाळवी शिरू नये म्हणून निळोजीराव स्वतः कडुनिंबाचा पाला घेऊन येऊ लागले.