गव्याची टोपली, उंदरिणीची टोपली

लेकीचा ताप उतरला, तरी मला झोप नव्हती. दुपारी औषधाच्या दुकानात आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने किंमत ऐकली आणि आपल्या बाळाचं औषध परत ठेवलं. “तिने का नाही घेतलं?” लेकीने विचारलं होतं. उत्तर आलं नाही की मी गोष्ट सांगते.

फार जुन्या काळी एका डोंगरातल्या रानात साळिंदरआजी राहायची. तापावरची कडू मुळी खणणं तिलाच जमायचं. दिवसभर खणल्यावर खाणं शोधायला वेळ कुठला? म्हणून रानाची रीत होती, की मुळी नेणाऱ्याने आपलं एका दिवसाचं जेवण आजीला द्यायचं. गवा बांबूच्या कोंबांचा भारा आणायचा, उंदरीण एक दाणा. भाऱ्यावर आजीचं पोट चालायचं, म्हणून दाणाही तिला पुरायचा.

एकदा माकडांचा पुढारी म्हणाला, “औषध एक, तर किंमतही एकच! गवा असो की उंदीर, एक टोपली फळं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उंदरांनीही.

मग तापाची साथ आली. उंदरिणीचं पिल्लू निखाऱ्यासारखं तापलं. ती धावत आजीकडे गेली.

“आजी, एका टोपलीत आमचं अख्खं घरदार मावतं गं. ती भरू कशाने?”

आजीचे डोळे भरले. “बाई, दाण्यावरच दिली असती. पण आता गवेही टोपलीच देतात. मीच अर्धपोटी आहे. मी आडवी झाले तर उद्या खणणार कोण?”

मागे गवा उभा होता, शिंगाला टोपली अडकवून. त्याने टोपलीत पाहिलं. त्याचा एक घाससुद्धा नव्हता तो.

“आजी, ही घे, आणि मुळी हिला दे. माझ्या मुळीसाठी भारा मी घेऊन येतो.”

“अरे, पण नियम!” झाडावरून माकडांचा पुढारी ओरडला.

“गप रे शेपट्या! नियम तुझा, ताप तिच्या पिल्लाला,” गवा म्हणाला.

संध्याकाळी पिल्लाने डोळे उघडले आणि दूध मागितलं. दुसऱ्या दिवशी उंदरीण आपला दाणा आजीला देऊन आली. रानात जुनी रीत परत सुरू झाली, आणि मुळीवाचून कुणी राहिलं नाही.

तात्पर्य: सगळ्यांना सारखी किंमत लावली म्हणजे न्याय झाला असं नाही, मोठ्यांनी मोठा वाटा उचलला, तरच औषध लहानांपर्यंत पोचतं.

तात्पर्य बरं जमलं, असं मला वाटलं. मग लेक म्हणाली, “आणि साळिंदरआजीलाच ताप आला, तर मुळी कोण खणतं?”